लिनक्सवर गाणं रेकॉर्ड करायचंय? मग सुरुवात इंटरफेसपासून करा, ओएसपासून नको

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून ओळखीतले लोक एकच गोष्ट विचारतायत, की लॅपटॉप मस्त चाललाय, आठ जीबी रॅम आहे, एसएसडी टाकलीय, पण विंडोज ११ म्हणतंय तुमचा प्रोसेसर जुना आहे, मग आता नवीन लॅपटॉप घ्यायचा का लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट ओएस, टाकायचं, आणि लिनक्स टाकलं तर माझं गाण्याचं काम त्यावर होणार का?

होतं. माझं सगळं त्याच्यावरच चालतं. पण हे वाचणाऱ्या प्रत्येकाचं होईल असं नाही, आणि ते आधीच कळलेलं बरं. लोक सुरुवात कुठून करतात तर कोणतं लिनक्स घेऊ, उबंटू का फेडोरा का मिंट, आणि त्यावर आठवडाभर व्हिडिओ बघत बसतात. तो भाग सोपाय, अर्ध्या तासात उरकतो. माणूस अडतो तो दोन ठिकाणी, एक म्हणजे त्याचे प्लगिन, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायची वाद्यं आणि इफेक्ट, आणि दुसरं म्हणजे टेबलावरचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारा डबा. म्हणून मी क्रम उलटा ठेवलाय.

आधी कागद-पेन घ्या

तुमच्या मागच्या चार-पाच गाण्यांचे प्रोजेक्ट उघडा आणि त्यात खरोखर काय वापरलंय ते लिहून काढा. कॉम्प्युटरमध्ये पडलेल्या तीनशे प्लगिनची यादी नकोय मला, गाण्यात वापरलेल्यांची हवीय. बहुतेक वेळा ती एका पानात मावते.

आता एकेक बघत जा. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर तुमचं नशीब जोरावर आहे, कारण रीपरची लिनक्स आवृत्ती आहे, ६० दिवस फुकट वापरता येतो, घरगुती लायसन्स ६० डॉलरला मिळतं आणि तुमचे विंडोजवरचे प्रोजेक्ट तिथे उघडतात. तशाच कामाचं बिटविग स्टुडिओ तर २०१४ ला पहिल्यांदा आला तेव्हापासूनच लिनक्सवर आहे. हे दोन्ही ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेले, नाहीत हे खरं, पण मी त्या बाबतीत कट्टर नाही, ओएस मोकळी असली आणि वर एखादं विकत घेतलेलं सॉफ्टवेअर चाललं तर माझं काही जात नाही. सर्ज एक्सटी, व्हायटल, डीसेंट सॅम्पलर, पियानोटेक या सगळ्या वाद्यांच्या प्लगिनच्या लिनक्स आवृत्त्या मिळतात.

दुसऱ्या बाजूला एफएल स्टुडिओ, एबलटन लाइव्ह, क्यूबेस, प्रो टूल्स यांपैकी काहीही लिनक्ससाठी येत नाही. लॉजिक तर मॅकचंच आहे. आयलॉक या लायसन्सच्या कुलपावर चालणारे प्लगिन विसरा. कोंटॅक्ट, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या वाद्यांचे आवाज वाजवणारं सॉफ्टवेअर, काही जण जुगाड करून चालवतात, पण भरवशाचं नाही, आणि तुमचं अख्खं काम कोंटॅक्टमधल्या तबला-सतार-स्ट्रिंग्सच्या लायब्रऱ्यांवर उभं असेल, क्लायंट पैसे देणारा असेल, तर मी स्पष्ट सांगतो, तुम्ही आत्ता शिफ्ट होऊ नका. दुसऱ्या जुन्या लॅपटॉपवर शौक म्हणून करा. ज्यांचं काम बरंचसं माइकने रेकॉर्ड करायचं आणि मिक्स करायचं असतं, म्हणजे भजनी मंडळ, आरत्या, स्वतःची गाणी, पॉडकास्ट, कवितांचं वाचन, त्यांना लिनक्स फार कमी त्रास देतं.

इंटरफेस

इथे एकच प्रश्न विचारायचा: हा डबा क्लास कंप्लायंट आहे का? म्हणजे यूएसबीचं जे ठरलेलं प्रमाण आहे त्यानुसार तो बोलतो का, का त्याला कंपनीचाच ड्रायव्हर लागतो. सोपी परीक्षा सांगतो. तो इंटरफेस आयपॅडला किंवा अँड्रॉइड फोनला ओटीजीने लावला आणि चालला, तर लिनक्सवर चालायची शक्यता फार मोठी आहे, कारण तिथेही वेगळा ड्रायव्हर नसतो.

बेहरिंगरचे यूएमसी २२ आणि २०२एचडी, मोटूचा एम२, फोकसराइटचे स्कारलेट हे आपल्याकडे घरोघरी दिसणारे डबे आहेत आणि हे चालतात. स्कारलेटबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. त्याचं फोकसराइट कंट्रोल हे सॉफ्टवेअर लिनक्सवर नाही, पण जेफ्री बेनेट नावाच्या माणसाने दुसऱ्या पिढीपासूनच्या स्कारलेटसाठी कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, ड्रायव्हर लिहिलाय आणि त्याच्यावर अल्सा स्कारलेट गुई म्हणून एक छोटं ॲप दिलंय, त्यात एअर, इन्स्ट, ४८ व्होल्ट वगैरे बटणं दिसतात. तिसऱ्या पिढीचा नवाकोरा डबा पहिल्यांदा लावला की तो पेनड्राइव्हसारखाही दिसतो, एमएसडी मोड म्हणतात त्याला, तो मोड याच ॲपमधून बंद करून टाका.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन ती चमचमत्या लाइटवाली 'लाइव्ह साउंड कार्ड' मिळतात ना, हसण्याचे आणि टाळ्यांचे आवाज काढणारी, ती लिनक्सवर ओळखली जातीलही, पण घेऊ नका. विंडोजवरही घेऊ नका. त्यापेक्षा सेकंडहँड चांगला इंटरफेस घ्या. धोबीतलावला फर्टाडोजमध्ये किंवा दादरला कुठल्या वाद्यांच्या दुकानात जाणार असाल तर लॅपटॉप आणि पुढे सांगतोय तो लाइव्ह पेनड्राइव्ह सोबत न्या आणि विचारा की लावून बघू का, फार तर नाही म्हणतील. युनिव्हर्सल ऑडिओच्या अपोलोसारख्या महागड्या इंटरफेसला मात्र लिनक्सचा ड्रायव्हरच नाही, तो असेल तर विंडोज किंवा मॅकवरच राहा.

मिडी कीबोर्डची, म्हणजे कॉम्प्युटरला सूर कळवणाऱ्या कीबोर्डची, काळजी नको, यूएसबीवाले जवळपास सगळे लावले की चालतात. फक्त त्यांचे प्रीसेट बदलायचं सॉफ्टवेअर बऱ्याचदा विंडोज-मॅकपुरतं असतं, म्हणून शिफ्ट व्हायच्या आधी पॅड-नॉब हवे तसे सेट करून कीबोर्डमध्येच सेव्ह करून घ्या.

कोणतं लिनक्स

नवीन माणसाला माझं उत्तर ठरलेलं आहे, उबंटू स्टुडिओ. २००७ पासून चालू आहे, उबंटूचीच अधिकृत शाखा आहे, आणि रेकॉर्डिंगचं आर्डर, ठेक्याचं हायड्रोजन, प्लगिन चालवणारं कार्ला, गिटारचं गिटारिक्स, ढीगभर प्लगिन आणि ऑडिओच्या सेटिंगचं छोटं ॲप, सगळं आतच बसवून मिळतं. एलटीएस, म्हणजे लांब सपोर्टवाली, आवृत्ती घ्या, ती दर दोन वर्षांनी, सम सालच्या एप्रिलमध्ये येते. मधल्या आवृत्त्यांचा सपोर्ट नऊच महिने असतो, उगाच वर्षातून दोनदा अपग्रेड करत बसायला लागतं.

मशीन खूपच म्हातारं असेल तर एव्ही लिनक्स बघा, ते एमएक्स लिनक्सवर बांधलंय आणि हलकं आहे. फेडोरावाल्यांचं फेडोरा जॅम आहे. ज्यांना मिंटची सवय आहे त्यांनी मिंटवरच हेच सगळं बसवलं तरी चालतं. आणि कोणी म्हणालं की आर्चच टाक (सगळं हाताने बसवायचं लिनक्स), तर त्याला चहा पाजा आणि विषय बदला.

जुनं काम बाहेर काढा

हे काम विंडोज जिवंत असतानाच करायचं. ज्या गाण्यांना परत हात लावायची शक्यता आहे त्यांचे स्टेम काढा, म्हणजे प्रत्येक ट्रॅकची वेगळी वेव्ह फाइल, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ किंवा प्रोजेक्टचा जो सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाची किती मोजमापं, म्हणजे सॅम्पल) असेल तो, आणि सगळ्या फाइली पहिल्या बारपासूनच सुरू झाल्या पाहिजेत, मग ट्रॅक मध्येच कुठे का सुरू होईना. असं केलं की नव्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या फाइली शून्यावर टाकल्या की आपोआप जुळतात. मिडी वेगळं एक्स्पोर्ट करा. टेम्पो, सूर, ताल फोल्डरच्या नावातच लिहा, 'काळी दोन, भजनी, ९२' असं. मराठीत नाव दिलं तरी लिनक्सला काही होत नाही, देवनागरी फॉन्ट नीट दिसतो.

जागेचा अंदाज: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण ८.६ एमबी खातो. म्हणजे पाच मिनिटांचं दहा ट्रॅकचं गाणं ४३० एमबीच्या आसपास. एक १ टीबीची बाहेरची डिस्क बरीच वर्षं पुरते.

इन्स्टॉल, पण घाईने नको

किमान ८ जीबीचा, शक्यतो १६ चा पेनड्राइव्ह घ्या. उबंटू स्टुडिओची आयएसओ फाइल त्यांच्या अधिकृत साइटवरून उतरवा, कोणी टेलिग्रामवर दिलेली नको. बलेना एचर किंवा रुफस या ॲपने ती पेनड्राइव्हवर लिहा. मग लॅपटॉप बंद करून चालू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबा, कंपनीनुसार बदलतं, आणि पेनड्राइव्हवरून बूट करा. समोर 'ट्राय' म्हणजे इन्स्टॉल न करता वापरून बघा असा पर्याय येतो, तोच घ्या.

या लाइव्ह मोडमध्ये इंटरफेस लावा, हेडफोन लावा, माइक लावा, आर्डर उघडा आणि दोन ओळी गाऊन रेकॉर्ड करा. वायफाय बघा, टचपॅड बघा, स्क्रीनचा ब्राइटनेस बघा, झाकण बंद करून उघडलं की मशीन उठतंय का ते बघा. डिस्कवर अजून एक अक्षरही लिहिलेलं नाहीये. इथे इंटरफेस चालला नाही तर पेनड्राइव्ह काढायचा आणि परत विंडोजमध्ये, नुकसान शून्य.

चाललं तर माझा आग्रह असा की विंडोजच्या डिस्कचे तुकडे पाडू नका, वेगळी एसएसडी घ्या. लॅपटॉपमध्ये दुसरा स्लॉट असेल तर आत, नसेल तर यूएसबीची बाहेरची एसएसडीही चालते. इन्स्टॉलर विचारतो कुठल्या डिस्कवर टाकू, तिथे साइज बघून डिस्क ओळखा, नावं सगळी सारखीच गिचमिड असतात. आणि एक खोच आहे, बाहेरच्या डिस्कवर लिनक्स टाकलं तरी बूटलोडर, म्हणजे ओएस सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, कधीकधी आतल्या विंडोजच्या डिस्कवरच जाऊन बसतो, मग बाहेरची डिस्क काढली की लॅपटॉप काळ्या स्क्रीनवर अडून बसतो. आतली डिस्क सहज काढता येत असेल तर इन्स्टॉलपुरती काढून ठेवा, झंझट मिटली.

त्याआधी विंडोजमध्ये दोन गोष्टी: बिटलॉकर, म्हणजे डिस्कचं विंडोजचं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, कारण बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, काही बदललं की विंडोज ती मागतं आणि तेव्हा ती लॅपटॉपमध्येच अडकलेली असते. आणि फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि लिनक्समधून त्या डिस्कवर काही लिहिता येत नाही.

आवाज नक्की कुठून कुठे जातो

इथे नव्या माणसाला अल्सा, पल्स ऑडिओ, जॅक, पाइपवायर अशी चार नावं एकदम ऐकू येतात आणि तो घाबरतो. तेवढं काही नाहीये. अल्सा सगळ्यात खाली, कर्नलमध्ये, तोच तुमच्या इंटरफेसशी बोलतो. जॅक हा गाण्याच्या कामासाठी केलेला सर्व्हर, एका सॉफ्टवेअरचा आवाज दुसऱ्यात कमी वेळात पोचवणारा, तो पॉल डेव्हिसने लिहायला घेतला, आर्डरही त्याचंच. पल्स ऑडिओ हा ब्राउझर-यूट्यूबसाठीचा. पूर्वी जॅक आणि पल्स एकमेकांच्या छातीवर बसायचे आणि लिनक्सवर ऑडिओ म्हणजे डोकेदुखी ही ख्याती तिथूनच आली. मग पाइपवायर आलं, फेडोराने ते २०२१ मध्ये डीफॉल्ट केलं, मग उबंटूनेही घेतलं, आणि आता ते एकटंच दोघांची कामं करतं. जॅकसाठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरला वाटतं आपण जॅकशीच बोलतोय. त्यामुळे जॅक कसा सेट करायचा याचे २०१५ चे व्हिडिओ बघू नका, त्यातलं निम्मं आता लागत नाही आणि उरलेलं निम्मं गोंधळ घालतं.

क्यूपीडब्ल्यूग्राफ नावाचं ॲप उघडून ठेवा. स्क्रीनवर चौकोन दिसतात, डावीकडे इंटरफेसचे कॅप्चर १, कॅप्चर २, मध्ये आर्डर, उजवीकडे प्लेबॅक १ आणि २, आणि त्यांच्यामध्ये माऊसने वायरी ओढायच्या. यूट्यूबवरचा तानपुरा आर्डरच्या ट्रॅकमध्ये घ्यायचाय? ब्राउझरच्या चौकोनातून वायर ओढून आर्डरच्या इनपुटला टाका, झालं. विंडोजवर हेच करायला वेगळं सॉफ्टवेअर शोधावं लागतं. मला लिनक्स आवडायचं खरं कारण हेच आहे, आवाज जातो कुठे ते डोळ्यांनी दिसतं, आणि आवाज येत नसला तर बऱ्याचदा एक वायर सुटलेली असते.

आर्डर पहिल्यांदा उघडलं की ऑडिओ सिस्टिम विचारतं. नुसतं रेकॉर्डिंग करायचं असेल तर अल्सा निवडा, इंटरफेस थेट आर्डरच्या ताब्यात येतो आणि कमीत कमी भानगड होते, फक्त तोवर ब्राउझरचा आवाज त्या इंटरफेसमधून येणार नाही, त्याला बिघाड समजू नका. वायरी ओढायच्या असतील, एकावेळी दोन-तीन सॉफ्टवेअर चालवायची असतील तर जॅक निवडा, मागे पाइपवायर असतंच.

बफर

बफर, म्हणजे प्रोसेसरकडे एका वेळी जाणारा आवाजाचा तुकडा, ही समजा स्टेशनबाहेरची शेअर रिक्षा. सीट भरल्याशिवाय ती निघत नाही. सीट जास्त ठेवल्या तर पहिल्या माणसाला थांबावं लागतं, म्हणजे तुम्ही आत्ता गायलेला 'सा' हेडफोनमध्ये उशिरा येतो. सीट कमी ठेवल्या तर रिक्षा लगेच निघते पण ड्रायव्हरला, म्हणजे प्रोसेसरला, फेऱ्या फार माराव्या लागतात, आणि एखादी फेरी चुकली की आवाजात 'टक्' येतो. त्या टक् ला लिनक्सवाले एक्सरन म्हणतात.

हिशोब सोपाय, बफर भागिले सॅम्पल रेट. ४८,००० वर १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.३, आणि १०२४ म्हणजे २१.३. हे एका बाजूचं, आत येताना आणि बाहेर जाताना धरून दुप्पट, वर इंटरफेसचं स्वतःचं थोडं. रेकॉर्ड करताना १२८ किंवा २५६ ठेवा, मिक्स करताना १०२४ करा, तेव्हा उशीर झाला तरी कोणाला कळत नाही आणि प्रोसेसर मोकळा राहतो. उबंटू स्टुडिओच्या ऑडिओ कॉन्फिगरेशन ॲपमधून हा आकडा बदलता येतो. आर्डर थेट अल्सावर चालवत असाल तर आर्डरच्याच सेटिंगमधून.

गायकाला उशीर अजिबात सहन होत नसेल तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर बटण दाबा, म्हणजे माइकचा आवाज कॉम्प्युटरमधून न फिरता थेट हेडफोनला जातो, आणि त्या ट्रॅकचं सॉफ्टवेअर मॉनिटरिंग बंद करा. मग बफर कितीही असला तरी गायकाला फरक पडत नाही. ६४, ३२ असा बफर खाली आणत नेण्याची लोकांना एक विचित्र चढाओढ असते, त्याचे स्क्रीनशॉट टाकतात, गाणं एकही नसतं.

टक्-टक् येत असेल तर क्रमाने बघा. चार्जर लावलाय का आणि पॉवर प्रोफाइल 'परफॉर्मन्स'वर आहे का, बॅटरी सेव्हरवर प्रोसेसर डुलक्या काढतो. इंटरफेस स्वस्तातल्या यूएसबी हबमध्ये आहे का, थेट लॅपटॉपला लावा. वायफाय बंद करून बघा. तुमचा यूजर ऑडिओ ग्रुपमध्ये, म्हणजे ऑडिओला आधी वेळ मिळायची परवानगी असलेल्यांत, आहे का, उबंटू स्टुडिओत हे त्याच ऑडिओच्या ॲपमधून होतं, नंतर लॉगआऊट करून परत यायचं. टर्मिनलमध्ये पीडब्ल्यू-टॉप ही कमांड रोमनमध्ये टाकली की कोण किती वेळ खातंय त्याची यादी येते आणि एररच्या रकान्यात आकडा वाढत असेल तर दोषी कोण ते तिथेच दिसतं. रिअल-टाइम कर्नल, म्हणजे ठरल्या वेळेत काम उरकणारा, टाका असा सल्ला मिळेल, पूर्वी तो वेगळा बनवायला लागायचा, नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ कर्नलपासून ते काम मुख्य कर्नलमध्येच सामील झालंय, पण घरच्या रेकॉर्डिंगला उबंटू स्टुडिओचं आहे ते सेटिंग पुरतं.

पहिलं रेकॉर्डिंग, मुंबईतल्या खोलीत

एक गाणं घ्या, छोटं, तीन ट्रॅकचं. ढोलकी, पेटी, आवाज. नवीन प्रोजेक्ट ४८,००० वर. ढोलकीला एकच माइक असेल तर थोडा लांब, समोर ठेवा, दोन असतील तर एक शाईच्या बाजूला आणि एक धुम्याच्या बाजूला, थाप हवेत जिथे फुटते तिथे जरा तिरका, पानाला चिकटवून नाही. गेन एवढाच ठेवा की सगळ्यात जोराची थाप मीटरवर उणे १० च्या आसपास राहील. २४ बिटमध्ये आवाज थोडा कमी आला तर वाढवता येतो, फाटला तर काही करता येत नाही.

आता ती घूं. जुन्या बिल्डिंगमध्ये, चाळीत, सॉकेटला तिसरं भोक असतं पण मागे अर्थिंगची वायर असतेच असं नाही. हेडफोनमध्ये सतत घूं ऐकू येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. घूं गेली तर दोष लिनक्सचा नाही, विजेचा आहे, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आणि ती घूंही ५० आणि १०० हर्ट्झवर असते. तोवर बॅटरीवर रेकॉर्ड करा, लॅपटॉप, स्पीकर, इंटरफेस सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा, आणि चांगल्या इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग करून घ्या. प्लगचा तिसरा पाय तोडायचा उपाय कोणी सांगेल, तो करू नका, शॉक बसतो. नवीन लोक याच घूंसाठी कर्नल बदलताना मी पाहिलेत, म्हणून एवढं लांबण लावलं.

बाकी पंखा बंद, फ्रिज लांब, खिडकीला जाड गोधडी, आणि कुकरच्या शिट्टीची वेळ आधी विचारून घ्यायची. रुळांच्या बाजूला राहत असाल तर रात्री साडेबारानंतर. पावसाळ्यात कंडेन्सर माइक सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट डब्यात ठेवा, इथली दमट हवा त्याला मानवत नाही.

वाद्यं आणि प्लगिन

ईक्यू, कॉम्प्रेसर, लिमिटरसाठी एलएसपी आणि एक्स४२ हे दोन संच घेतले की बराच काळ दुसरं काही लागत नाही. एलएसपीची खिडकी बघून विमानाच्या कॉकपिटची आठवण येईल, घाबरू नका, चार नॉब ओळखा आणि बाकीचे तसेच राहू द्या. रिव्हर्बला ड्रॅगनफ्लाय, त्यातला हॉल आवाजावर फार छान बसतो. गिटारला गिटारिक्स. सिंथला सर्ज एक्सटी, आणि त्यात स्काला ट्यूनिंगच्या फाइली चढवता येतात, म्हणजे बारा समान सुरांच्या बाहेरचे गंधार-धैवत हवे असतील तर ते जमतं.

ऑटोट्यूनसाठी एक्स४२ चं पिच करेक्शन आहे, त्यात कुठले सूर चालू आणि कुठले बंद ते निवडता येतं. भूपातलं गाणं असेल तर पाचच ठेवा. मात्र मींड, गमक असलेल्या गाण्यावर ते लावू नका, गळ्यातली सगळी मजा इस्त्री करून टाकतं. मेलोडाइनसारखं हाताने एकेक सूर उचलायचं काम लिनक्सवर तितकं सोयीचं नाही, ही उणीव आहे.

ठेक्यासाठी हायड्रोजन. त्यात आलेले ड्रमकिट पाश्चात्त्य आहेत, पण तुमच्याच ढोलकीच्या, संबळीच्या थापा रेकॉर्ड करून, प्रत्येक बोलाच्या हळू-मध्यम-जोरात अशा तीन फाइली एकावर एक लेयर म्हणून टाकल्या की तुमचं स्वतःचं किट तयार होतं. पॅटर्नची लांबी बदलता येते, त्यामुळे रूपकाच्या सात मात्रा, दादऱ्याच्या सहा, भजनीच्या आठ, सगळं बसतं. तयार झालं की हायड्रोजनमधूनच वेव्ह एक्स्पोर्ट करून आर्डरमध्ये टाका. दोन्ही सॉफ्टवेअर एकत्र पळवायचं पुढे कधीतरी शिका.

आर्डर मिळवायचे दोन मार्ग आहेत. उबंटूच्या भांडारातला फुकट. आर्डरच्या साइटवरचा तयार डाउनलोड पैसे देऊन, रक्कम तुम्ही ठरवा. तिथला फुकट डेमो दहा मिनिटांनी गप्प होतो, त्यामुळे तो उतरवून 'आवाजच गेला' म्हणू नका. रोजचं काम करणार असाल तर पैसे द्या, तेवढ्यावरच तो प्रकल्प चालतो.

विंडोजचे प्लगिन आणायचेच असतील

वाईन आणि यॅब्रिज. वाईन विंडोजचे प्रोग्रॅम चालवतं, यॅब्रिज विंडोजचे व्हीएसटी प्रकारचे प्लगिन आर्डर-रीपरला लिनक्सचेच असल्यासारखे दाखवतं. साधे, लायसन्सची कटकट नसलेले प्लगिन बऱ्याचदा चांगले चालतात. पण वाईनच्या आवृत्तीवर नजर ठेवावी लागते, ९.२२ आलं तेव्हा प्लगिनच्या खिडकीत माऊस एकीकडे आणि क्लिक भलतीकडे व्हायला लागलं आणि लोकांना ९.२१ वर परत जावं लागलं. म्हणून हे सगळ्यात शेवटी करा, एक गाणं लिनक्सच्या स्वतःच्या प्लगिनवर पूर्ण झाल्यावर. पहिल्या दिवशी यॅब्रिजला हात घालणारा माणूस पंधरा दिवस इन्स्टॉलेशनच करत बसतो आणि मग सगळ्यांना सांगतो लिनक्सवर काही होत नाही.

गाणं बाहेर, बॅकअप, अपडेट

आर्डरमधून एक्स्पोर्ट केलं की तो लाउडनेसचा रिपोर्ट दाखवतो, स्पॉटिफाय उणे १४ लफ्सला (ऐकू येणाऱ्या जोराचं माप) आवाज आणून ठेवतं, त्यामुळे तो आकडा उणे ७ पर्यंत रेटण्यात काही अर्थ नाही. गाणं फोनच्या स्पीकरवर, गाडीत आणि पाच वर्षं जुन्या इअरफोनवर ऐका, तुमचे श्रोते तिथेच ऐकणार आहेत. आर्डरचा प्रोजेक्ट म्हणजे अख्खं फोल्डर असतं, नुसती प्रोजेक्टची फाइल कॉपी केली तर ऑडिओ मागेच राहतो, बॅकअप घेताना पूर्ण फोल्डर उचला.

टाइमशिफ्ट बसवून ठेवा, तो सिस्टिमचे स्नॅपशॉट घेतो, गाण्यांचे नाही. अपडेट दोन-तीन आठवड्यांतून एकदा, आणि गणपतीच्या आधी आरत्यांची रेकॉर्डिंग रांगेत उभी असतात तेव्हा तर अजिबात नाही. तरी चुकून अपडेट झालंच आणि इंटरफेस दिसेनासा झाला, तर बूट होताना ग्रब या बूटलोडरच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शनमध्ये मागचा कर्नल असतो, तो निवडा, आलेल्या माणसाचं रेकॉर्डिंग उरकून घ्या आणि बिघाड कुठे झाला ते दुसऱ्या दिवशी शोधा.